लॅपटॉपच्या दुकानातलं ओळखपत्र

मुलीचा लॅपटॉप घ्यायला आम्ही जालन्याला गेलो तेव्हा माझ्या खिशात वार्ताहराचं ओळखपत्र होतं. ते नेहमीच असतं. एका जिल्हा दैनिकासाठी मी शहागडहून बातम्या पाठवतो. महामार्गावरचे अपघात, गोदावरीचं पाणी, वाळूच्या गाड्या, कुणाचा तरी सत्कार. पगार म्हणावा असं काही मिळत नाही; घर चालतं ते ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानावर. पण गाव मला पत्रकार म्हणतं आणि मोटारसायकलच्या हेडलाइटवरच्या काचेवर ‘प्रेस’ लिहिलेलं आहे. तहसीलमध्ये रांग दिसली की मी ते कार्ड वरच्या खिशात, अर्धं बाहेर राहील असं ठेवतो. मी कुणाकडे काही मागत नाही. मागावंच लागत नाही.

मुलीला संभाजीनगरच्या कॉलेजात पत्रकारितेला प्रवेश मिळाला. माझं बघून तिनं हे निवडलं, असं मी लोकांना सांगत सुटलो होतो. तिनं स्वतः तसं कधी म्हटलं नव्हतं.

सगळा उन्हाळा ती लॅपटॉपचाच अभ्यास करत होती. वरच्या वर्गातल्या मुलींना फोन करून करून तिनं चौकशी केली. एकदा मी म्हणालो, “लग्नाचं स्थळ पाहिल्यासारखं काय चाललंय?”

“बॅटरी बघून राह्यले, पप्पा. वर्गात प्लग मोजकेच हायेत म्हणे. अन् स्थळाला चार्जिंग लागत न्हाई.”

तिला हलका लॅपटॉप हवा होता, कारण शूटिंगला दिवसभर पाठीवर न्यायचा. कॅमेऱ्याचं कार्ड थेट लावता आलं पाहिजे, व्हिडिओ कापताना अडकला नाही पाहिजे आणि बॅटरी टिकली पाहिजे. बाकी दिसायला कसाही चालेल, असं ती म्हणाली होती.

जालन्याच्या दुकानात तिनं सोबत आणलेली सॅक काढली. एकेक लॅपटॉप सॅकमध्ये घालायचा, पाठीला लावायचा आणि दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघायचं. दुकानातली पोरं हसत होती. ती उभ्यानंच मराठी टाइप करून पाहत होती, दुकानदाराला वॉरंटीचं नीट विचारत होती, उत्तर अर्धवट आलं तर तेच पुन्हा विचारत होती. शेवटी एका करड्या, साध्या दिसणाऱ्या लॅपटॉपवर तिचा हात थांबला.

मी बाजूला स्टुलावर बसलो होतो. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. मला ते खुपलं. किमतीचं बोलणं सुरू झालं, तसं मी खिशातून ओळखपत्र काढलं आणि काचेच्या काउंटरवर, दुकानदाराकडे तोंड करून ठेवलं.

तो उभा राहिला. “अरे साहेब, पहिले सांगायचं ना! बसा, बसा. ए, खुर्ची दे साहेबांना. चहा सांग.”

खुर्ची आली, चहा आला. त्यानं आतून एक भलं मोठं खोकं आणलं. त्यातला लॅपटॉप काळा, जाड, आणि चालू केला की कीबोर्डच्या खालून लाल दिवे लागत. गेम खेळणाऱ्यांचा होता तो. भाव मात्र करड्यापेक्षाही कमी सांगितला.

“पप्पा, हा जड हाय,” मुलगी हळूच म्हणाली.

“भारीतला हाय. तू गप.”

मग दुकानदार माझ्याकडे वाकला. “तेवढं आमचं जे चालू आहे ना साहेब, ते जरा सांभाळून घ्या. पेपरात जाऊ नये, एवढंच.”

त्याचं काय चालू होतं, मला काडीचीही कल्पना नव्हती. तरी मी डोळे अर्धे मिटून मान हलवली आणि म्हणालो, “बघू.”

“काय जाऊ नये पेपरात, काका?” मुलीनं विचारलं.

तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघू लागला. “काही न्हाई बेटा. मोठ्या लोकांचं बोलणं.”

मी म्हणालो, “चल, उशीर व्हायलाय.” आणि खोकं उचललं.

येताना ते खोकं मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मधे होतं. अंबडला चहाला थांबलो. कप खाली ठेवल्यावर ती म्हणाली, “त्याचं काय चालू हाय, पप्पा?”

“कुणाचं?”

“दुकानवाल्याचं. तुम्ही बघू म्हणलात.”

“मला काय माहीत.”

“खरंच माहीत न्हाई?”

“न्हाई.”

“मंग मान कशाला हलवली?”

मी चहावाल्याला पैसे द्यायला उठलो. माझ्या मागून ती म्हणाली, “म्हणजे बातमी हातात न्हाईच, अन् ती दाबली पण.”

तिच्या आवाजात राग असता तर मी रागावलो असतो. तिला खरोखरच कोडं पडलं होतं.

घरी खोकं टेबलावर ठेवलं. तिची आई म्हणाली, “उघड की गं, बघू तरी.”

“पप्पांचा हाय तो,” ती म्हणाली आणि पाणी भरायला गेली.

कॉलेज सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि दुकानात खोक्याला परत लावलेली चिकटपट्टीही निघाली नव्हती. मी एक-दोनदा समजावलं. जग असंच चालतं, सगळे वार्ताहर असंच करतात, मी तर काही मागितलंही नाही. ती ऐकून घ्यायची. शेवटी मीच ते खोकं बांधलं आणि जालन्याला परत द्यायला गेलो.

मला खोक्यासकट पाहून दुकानदाराचा चेहरा उतरला. “काय झालं साहेब? कमी पडलं का काही?”

तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, “पोरीला ते लाल दिवे आवडले न्हाईत. आजकालची पोरं, तुम्हाला माहीतच आहे.”

तो लगेच आत गेला आणि आणखी महागाचा लॅपटॉप घेऊन आला. “हा घेऊन जा. वरचं नंतर बघू.” मी नको म्हणालो, दिलेले पैसे घेतले आणि निघालो. रस्ताभर मला वाटत होतं, आज आपण चांगलं वागलो.

मुलीला सांगितलं, “परत करून आलो.”

“काय सांगितलं त्याला?”

मी सांगितलं.

“म्हणजे माझ्यावर ढकललं.” मग तिनं विचारलं, “अन् ते विचारलं का?”

“काय?”

“त्याचं काय चालू हाय ते.”

करडा लॅपटॉप तिनं संभाजीनगरला, आईला सोबत नेऊन घेतला. मी येतो म्हणालो होतो. “राहू द्या पप्पा, तुमच्या दुकानावर कोण बसंल?” असं ती म्हणाली. अगदी प्रेमानं म्हणाली. पाहुण्याला जसं दुखवू नये, तसं.

ती गेल्यावर फोन व्हायचे. जेवण, हवा, आईची तब्येत. गावात काय चाललंय, ती माझ्याऐवजी आईला विचारायची. मी वीस वर्षं गावातल्या बातम्या पाठवतोय.

पुढे दैनिकाच्या बैठकीसाठी जालन्याला गेलो होतो, तेव्हा त्या दुकानात शिरलो. दुकानदारानं खुर्ची दिली. मी विचारलं, “त्या वेळी तुम्ही म्हणालात, पेपरात जाऊ नये. ते काय होतं?”

तो मोकळा हसला. “ते मिटलं, साहेब. तुमच्यातल्याच एकानं मिटवलं. बिलकुल टेन्शन न्हाई आता.”

मला आधी हायसं वाटलं. आणि पाठोपाठ मनात आलं, त्या एकाला कोणता लॅपटॉप मिळाला असेल? हे असं मनात आलं, ते मी लपवत नाही. चहा पिऊन मी बाहेर पडलो आणि पायऱ्यांखाली उभा राहून मुलीला फोन लावला.

“विचारलं मी,” मी म्हणालो.

“काय म्हणाला?” तिचा आवाज एकदम जवळ आला. इतक्या दिवसांत तो तसा आला नव्हता.

“मिटलं म्हणतो.”

“काय मिटलं?”

मी वळून दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

“पप्पा, काय मिटलं? कुणासोबत झाल्तं? ज्याच्यासोबत झालं त्या माणसाला काय मिळालं?”

“थांब,” मी म्हणालो. “फोन ठेवू नको.”

मी पुन्हा पायऱ्या चढलो. मला पाहून दुकानदारानं पोराला दुसरा चहा सांगितला आणि खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो नाही. फोन कानाला तसाच ठेवून, उभ्यानंच विचारलं, “मिटलं म्हणजे काय झालं होतं? कुणाचं?”

फोनवर मुलगी ऐकत होती. ती ऐकत नसती तर मी विचारलं नसतं.