सागवानी पेटी आणि जर्मनचा डबा

सिनेमाचं चित्र घ्यायचा आमच्या दाजींचा कॅमेरा म्हणजे एक सागवानी पेटी होती. कोपऱ्यांना पितळ, बाजूला फिरवायचं पितळी हँडल, पोटात दातेरी चाकं. ज्या साहेबाने ती बनवली त्याने हिंदुस्थानातले हमाल डोळ्यांपुढे ठेवूनच बनवली असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोधीपुऱ्यात त्यांचं फोटोचं दुकान होतं, आणि लग्नकार्यात ते ही पेटी खांद्यावर मारून फिरायचे. कंबर गेली तोपर्यंत फिरले.

तेवढ्यात असीरगडच्या पलीकडच्या एका जहागीरदारांचं बोलावणं आलं. जहागीर एवढी मोठी, की हत्ती वळवायचा तर शेजाऱ्याच्या हद्दीत जावं लागे. त्यांच्या मुलाची वरात होती, आणि वरातीच्या पुढे चालत चालत तिचं चित्र घ्यायचं होतं. जमलं तर दाजी दरबारचे फोटोवाले होणार. नाही जमलं तर खंडव्याचा एक फोटोवाला हलका विलायती कॅमेरा घेऊन तयारच होता. मग दाजींनी दुकानाला कुलूप लावून जिनिंगच्या कारखान्यात कापूस तोलायला बसायचं. हे त्यांनी बहिणीला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं.

माझा धंदा तारकशीचा. चांदीची तार छिद्रातून ओढत ओढत केसाएवढी करायची, मग ती जरीत जाते. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, पुढे मास्तरांना माझी संगत झेपली नाही. पण यंत्र उघडलं की ते माझ्यापासून काही लपवत नाही.

"सालेसाहेब, ही हलकी होईल?" दाजींनी विचारलं.

"होईल. पण तुम्ही मधे बोलायचं नाही."

ते रोज बोलले. मी पेटीचं पोट रिकामं केलं. काच, चाकं, फिल्म ओढणारे आकडे, सगळं काढून जर्मनच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. अॅल्युमिनियमला आम्ही जर्मनच म्हणतो, पातेलं असो की कॅमेरा. हँडल पेटीलाच राहू दिलं. त्याच्या जागी एका मोडक्या ग्रामोफोनची स्प्रिंग घातली, म्हणजे चावी दिली की चाकं आपली आपण फिरतात. आतून काजळी फासली. डबा एका हाताने उचलला जाई. दाजींनी तो इतक्यांदा उचलून पाहिला की मला वाटलं, कंबर पुन्हा जाते.

नवं हत्यार हळदकुंकू लावल्याशिवाय आमच्याकडे कामाला लावत नाहीत. बहिणीने डब्याचं दार उघडायला लावलं आणि आतल्या चाकांना कुंकू लावलं, कारण काम तीच करतात. वर मूठभर अक्षता वाहिल्या. आम्ही दोघे शहाणे बाजूला हात जोडून उभे होतो. नंतर दाजींनी डबा पुसला. पुसला असं ते म्हणत.

तापीच्या घाटावर जाऊन आम्ही थोडी फिल्म घेतली, घरी धुतली आणि चादरीवर पाहिली. म्हशी छान पोहत होत्या. फक्त प्रत्येक म्हशीच्या मधोमध वरून खाली एक काळी रेघ होती.

"तुमच्या जर्मनने फिल्म खरवडली," दाजी म्हणाले.

मी म्हणालो, माझ्या हातून गेलेल्या धातूने आजवर रेशीम खरवडलं नाही, तुम्हाला फिल्म भरता येत नाही. मग आमचं बोलणं बंद झालं. जे काही बोलायचं ते बहिणीच्या मार्फत, आणि ती बिचारी दोन्हीकडचे अपमान न चुकता पोचवी. वरात जवळ आली तेव्हा मी डबा उघडून बसलो. फिल्म जिथून सरकते त्या फटीत तांदळाचा एक दाणा रुतला होता. कुंकू लागलेला.

मी तो तळहातावर घेऊन दाजींपुढे धरला. दोघांनीही स्वयंपाकघराकडे पाहिलं. असीरगड आम्ही दोघांनी मिळून घेतला असता, पण चुलीपर्यंत जाऊन हे सांगायची छाती कुणाची झाली नाही.

निघायच्या दिवशी ती पुन्हा ताट घेऊन आली. दाजींनी शांतपणे जुनी रिकामी पेटी तिच्यापुढे सरकवली. मोठा कॅमेरा हाच, म्हणाले. पेटीला कुंकू, अक्षता, नारळ, सगळं मिळालं. डबा मी पंच्यात गुंडाळून लपवला. मग बहीण म्हणाली, "पूजा केली ती वस्तू घरी ठेवून जाता काय?"

म्हणजे हलका कॅमेरा केला आणि जड कॅमेराही बरोबर घेतला. बैलगाडीत पेटीला गादी मिळाली आणि दाजींना कडेची फळी.

जहागीरदारांनी जर्मनचा डबा पाहिला आणि विचारलं, हा जेवणाचा डबा कुणाचा. दाजींनी सांगितलं, कॅमेरा तो हाच. सरकारांचा चेहरा उतरला. "आमच्या मुलाच्या वरातीला हे? खंडव्याचा माणूस अजून येईल का बघा रे."

मी बैलगाडीतून सागवानी पेटी ओढली, तिपाईवर चढवली आणि म्हणालो, "सरकार, आपला कॅमेरा हा. तो डबा वऱ्हाड्यांसाठी."

पितळ पाहून सरकार खुलले. वरात निघाली. दाजी डबा घेऊन तिच्यापुढे उलटे चालत होते, कंबर अगदी ताठ. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. मी बाजूला उभा राहून रिकाम्या पेटीचं हँडल फिरवत होतो, एका लयीत, चेहरा गंभीर ठेवून. सरकार प्रत्येक वळणावर माझ्याकडे बघून मिशीला पीळ देत.

चित्र स्वच्छ आलं, एकही रेघ नाही. ज्या दिवशी ते दरबारात दाखवलं, त्याच दिवशी दाजींना तिथली जागा मिळाली. मला मात्र भर दरबारात जरीचा शेला मिळाला, मोठा कॅमेरा चालवल्याबद्दल. जो डबा मी बनवला त्याचं नाव कुणी काढलं नाही. जी पेटी मी रिकामी केली तिच्यापायी माझा सत्कार झाला.

शेल्याची जर खोटी होती. तांब्याच्या तारेवर मुलामा. खांद्यावर पडताच मला कळलं, आणि एरवी मी तिथेच सांगितलं असतं. पण दाजी समोर उभे होते, नव्या जागेचा त्यांचा पहिलाच दिवस होता. मी वाकून मुजरा केला.