आक्का, डोळे!

सोजरआक्का कुणाशी बोलायला लागली की आधी डोळे मिटून घ्यायची. राग आला म्हणून नाही, की देवाचं नाव घ्यायचं म्हणून नाही. समोरचा माणूस नीट ऐकू यावा म्हणून. ऑपरेशन होऊन तिला दिसायला लागलं त्यानंतरची ही सवय, त्यामुळे बघणाऱ्याला ती फार खटकायची. एवढ्या खटपटीनं डोळे मिळाले आणि ही बाई ते मिटून बसते! मलाही खटकायचं. इतकं, की मी त्यावर एक नियम काढला. तो नियम आणि आक्का यांची ही हकिगत आहे, आणि तिच्यात मी काही शहाणी ठरत नाही, हे आधीच सांगून टाकते.

तेरला बस थांबते तिथून आत वळलं की अंगदची पिठाची गिरणी. अंगद हा आक्काचा धाकटा भाऊ. गिरणी त्याची, पण चालवायची आक्का. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळायचं. लहानपणी कुणी दवाखान्यात नेलं नाही, नंतर कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी तिथं गेले ती एका संशोधन प्रकल्पाची कार्यकर्ती म्हणून. जन्मापासून न दिसणाऱ्या माणसाला मोठेपणी दिसायला लागलं तर त्याचा मेंदू बघायला कसा शिकतो, हे आमच्या शास्त्रज्ञांना समजून घ्यायचं होतं. ऑपरेशन मोफत, आणि पुढं वर्षभर दर पंधरा दिवसांनी मी धाराशिवहून लॅपटॉप घेऊन येणार. हे सगळं मी चालू गिरणीत घसा फोडून सांगत होते. आक्कानं माझं मनगट धरून मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाली, "वरडू नका मॅडम. गिरणी वरच्या आवाजात बोलती. आपुन तिच्या खालनं बोलायचं." मी आवाज खाली आणला, आणि खरंच, तिला सगळं ऐकू गेलं.

तिच्या कामाची तऱ्हा मी तासभर बघत राहिले. आमच्याकडं बायका दळणाच्या रांगेत स्वतः उभ्या राहत नाहीत, डबे ठेवून निघून जातात. आक्का डब्यावर टिचकी मारायची आणि कुणाचा आहे ते सांगायची. धान्य वरच्या नरसाळ्यात ओतताना ज्वारी, गहू, हरभरा नुसत्या आवाजावर ओळखायची. खाली पीठ आलं की अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूट चोळायची आणि दगड सैल करायचे की आवळायचे ते ठरवायची. मधे कुणी बडबडलं की एकच वाक्य. "गप, ऐकू द्या." गिऱ्हाईक असो, अंगद असो, नाहीतर सरपंच असो. दुपारी गिरणी बंद ठेवून ती एकटीच तेरणा नदीच्या काठापर्यंत फिरून यायची. हात धरायला आलेल्या माणसाला म्हणायची, "तुमाला वाट म्हाईत नसंल तर धरा माझा हात."

डोळ्यांवरची पट्टी निघाली त्या दिवशी अंगद नवा शर्ट घालून दवाखान्यात आला होता. बहिणीला पहिल्यांदा आपण दिसणार म्हणून बिचाऱ्यानं दाढीही केली होती. पट्टी सुटली. आक्कानं मान इकडून तिकडं फिरवली. मग म्हणाली, "लई हाय. सगळं एकावर एक हाय." अंगद तिच्यासमोर उभा, डोळ्यांत पाणी, आणि तिला तो कळेना. त्याला खोकला आला तेव्हा तिनं हात पुढं केला. "हा व्हय अंगद!"

यात नवल काही नव्हतं. डोळा फक्त उजेड आत पोचवतो. त्या उजेडातलं काय माणूस, काय भिंत, काय सावली, ही निवड मेंदू करतो, आणि आपण ती पाळण्यात असताना शिकलेलो असतो म्हणून आपल्याला ती शिकल्याचं आठवत नाही. आक्काला ते छत्तिसाव्या वर्षी शिकायचं होतं. त्यातून मेंदूतली बघण्याची जागा काही इतकी वर्षं रिकामी पडून राहत नाही. कान आणि बोटं तिथं केव्हाच राहायला आलेली असतात. मी तिला कार्डावर एकमेकांवर चढलेला गोल आणि चौकोन दाखवायचे आणि विचारायचे, किती वस्तू? ती तीन म्हणायची, कारण दोन्ही एकमेकांवर येतात तो तुकडा तिला निराळाच वाटायचा. लॅपटॉपवर गोल हलवून दाखवला की मात्र लगेच उमगायचं. "व्हय की! हालतंय ते एक." हलणारं सगळं तिला आधी कळलं. कोंबडी कळली, झाडाची फांदी कळली. आणि एक दिवस गिरणीत पडणारं पीठ कळलं. ते बघताना ती पोरीसारखी हसली होती. "हाताला ऊन ऊन लागतंय एवढंच म्हाईत हुतं. असं पडतंय व्हय!"

पण डोळ्यांनी ती लवकर दमायची. झाडाची सावली तिला खड्डा वाटायची, रस्त्यात ती थबकायची. मग डोळे मिटायची आणि तरातरा चालू लागायची. म्हणायची, "डोळ्याला झाकन हाय, कानाला न्हाय. देवानं इचार करूनच केलंय." प्रकल्पाच्या कागदात एवढंच होतं की चाचणीच्या वेळी डोळे उघडे असावेत. माझं प्रशिक्षण नवं होतं, उत्साह त्याहून नवा. मी अंगदला सांगितलं, "दिवसभर डोळे मिटू द्यायचे नाहीत. मिटले तर मेंदू शिकणार नाही." अंगद शब्दाचा पक्का. पुढच्या खेपेला गेले तर गिरणीच्या भिंतीवर तांबड्या रंगात ठळक अक्षरं: आक्काने डोळे उघडे ठेवणे. दळणाला येणारी प्रत्येक बाई येता-जाता म्हणायची, "आक्का, डोळे!" पोरंटोरं खिडकीतून ओरडायची, "आक्का, डोळे!" मला वाटलं, वा, अख्खं गाव कामाला लागलं. आक्कानं मला विचारलं, "भितीवर काय लिवलंय हो?" मी वाचून दाखवलं. जिच्यासाठी लिहिलं तिलाच वाचता येत नव्हतं, यातली विसंगती माझ्या तेव्हा ध्यानातही आली नाही.

सावलीला ती भ्यायची म्हणून मी तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती. गिरणीच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप जमिनीवर पडायची. काहीतरी आडवं पडलंय असं समजून आक्का ती ओलांडायला बघायची. मी तिचा हात त्या तिरपेतून आरपार नेला. "हा नुसता उजेड आहे. यात काही नाही. डोळ्यावर विश्वास ठेवा." चार-पाच वेळा घोटवून घेतलं. आठवड्यानं चालू गिरणीत तिला समोर एक चकाकती पट्टी दिसली आणि तिनं हात आरपार घातला. तो मोटारीचा फिरता पट्टा होता. पट्टा निसटला म्हणून हात वाचला. तर्जनीचं टोक मात्र चेंगरलं, पीठ चोळायची तीच तर्जनी.

मी भेटायला गेले तेव्हा ती शांत होती. "कान सांगत हुता, पट्टा हाय म्हनून. ईस वर्सं सांगतोय. पन तुमी म्हनला हुता, डोळ्याचं ऐक." तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूरही नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही.

अंगदनं तिला गिरणीत यायला बंदी केली. मागच्या खोलीत तिची बाज टाकली. नदीवर जाणं बंद, कारण डोळे मिटून जायचं नाही आणि उघडून तिला जाता येत नाही. खोली आणि गिरणी यांच्यामध्ये नुसता पत्रा, दिवसभर तिला सगळं ऐकू यायचं. कुणाचा डबा आला, कुठलं धान्य पडलं, अंगदचं कुठं चुकलं. पत्र्यावर उलथनं आपटून ती ओरडायची, "दगड घासायलेत रं! छिन्नी घे, टाकी लाव त्यास्नी!" पलीकडं अंगद गिरणी तशीच चालू ठेवायचा. मी कार्डं काढली की ती निमूट उत्तरं द्यायची, आणि ती उत्तरं दर खेपेला सुधारत होती. एकदा कार्ड हातात धरून म्हणाली, "दिसत नव्हतं तवा तेरणेपातूर एकली जायची. आता दिसायलंय तर चार भितीत कोंडलंय. मॅडम, ते काढलेलं परत डोळ्यात घालता येतंय का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग ह्यातनं मला भाईर कोन काढनार?" मी लॅपटॉप बंद केला आणि पुढच्या बसनं परत आले.

वर्षाच्या शेवटच्या चाचणीत आक्कानं दहापैकी नऊ कार्डं बरोबर ओळखली. मी आकडा लिहीत होते तेवढ्यात अंगद मागच्या दारात आला. हातात एका म्हातारीनं परत आणून दिलेला डबा. पीठ करपलेलं, हाताला चटका बसेल इतकं गरम. दोन महिने हेच चाललं होतं म्हणे. मान खाली घालून म्हणाला, "आक्का, काय झालंय कळंना. सांग की."

"हितनं सांगून सांगून बेजार झाले. तितं येऊन ऐकल्याबगर कसं सांगू?"

"ये. पन डोळे झाकून न्हाय. पट्ट्याला जाळी बसवलीय म्या, तरी बी न्हाय."

"मग न्हाय येत," आक्का म्हणाली आणि बाजेवर बसली. तिला किती जायचं होतं ते मला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "अंगदभाऊ, तो नियम प्रकल्पाचा नव्हता. मी माझ्या मनानं सांगितला होता. चुकलं माझं. बोट चेंगरलं ते डोळे मिटल्यानं नाही, माझ्या सांगण्यावरून उघडे ठेवल्यानं."

अंगदनं हातातला डबा खाली ठेवला. वर्षभर मॅडम मॅडम करणारा माणूस, पण त्या वेळी त्याच्या नजरेत माझी पत सगळी उतरलेली दिसली. आत जाऊन तो चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आला. "तुमचंच हाय. तुमीच पुसा."

दळणाला आलेल्या पाच-सहा बायकांसमोर मी स्टुलावर चढले आणि चुना मारला. चुन्याच्या एका हातात तांबडी अक्षरं झाकेनात, दुसरा हात मारला तरी खालून दिसतच होती. दारातून आक्कानं विचारलं, "पुसलं का?" मी म्हणाले, "दिसतंय थोडं." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मला कुटं वाचायचंय."

मग तिनं उंबऱ्यात डोळे मिटले. अंगद सवयीनं "आक्का, डो..." म्हणाला आणि तिथंच थांबला. भिंतीला हात लावत ती आत आली, जाळी चाचपली, आपल्या जागेवर बसली. अंगदनं मोटार चालू केली. बायका कुजबुजायला लागल्या.

"गप, ऐकू द्या."

गिरणीत मोटारीशिवाय दुसरा आवाज राहिला नाही. तिनं मान तिरकी केली, बऱ्याच वेळानं म्हणाली, "डावा दगड. बंद कर, उतरीव." टाकी लावून दगड परत बसायला दुपार उलटली. नवा गहू ओतला. आक्कानं सवयीनं तर्जनीनं चिमूट घेतली, त्या बोटाला काही कळेना, मग तिनं मधलं बोट लावलं आणि मान हलवली. पीठ ठीक पडायला लागलं होतं.

मी पिशवी उचलली. शेवटच्या बसची वेळ झाली होती, आणि प्रकल्पही तिथंच संपत होता. निघताना मागं वळून बघितलं. पीठ पांढरं, संथ खाली येत होतं, आणि आक्का डोळे टक्क उघडून त्याच्याकडं बघत होती. तिला कुणीच सांगितलं नव्हतं.