सुकटीचा वास

आज लालबागच्या बाजारात सुकटीचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

परळला आमच्या शेजारच्या खोलीत टांझानियाहून नर्सिंग शिकायला आलेली ग्रेस राहायची. एका दुपारी चाळीचे सेक्रेटरी सावंतकाका नाक दाबून तिच्या दारात उभे राहिले. "ये वास इधर नहीं चलेगा! रूम खाली करो!"

आई उलथनं घेऊनच बाहेर आली. "भावोजी, सुकट माझ्या तव्यावर आहे. तिचा स्टोव्ह तर बंद आहे."

"असं होय? मग झकास वास सुटलाय, वहिनी!"

हुकूम मात्र त्यांनी मागे घेतला नाही. लाज कशी वाटली नाही माणसाला!

परीक्षेच्या आदल्या दिवशी ग्रेस टॅक्सीत पुस्तकं भरत होती, तेव्हा सावंतांच्या घरातून सुके बोंबील भाजल्याचा वास येत होता.