छप्पर, न्हाणी आणि एक इंच

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि लातुरात जो तो पोराला डॉक्टर करायला निघाला होता. मी ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. वर्गात जेमतेम वीस मुलं. त्यांतली एक मुलगी औशाकडच्या एका पडलेल्या गावची होती. फार बोलायची नाही.

त्या दिवशी मी युरोपबद्दल सांगत होतो. जर्मनी एक होताना अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सोव्हिएत नेत्याला तोंडी सांगितलं होतं, की आमची लष्करी आघाडी एक इंचही पूर्वेकडे सरकणार नाही. पुढं पोलंडसारखे देश आघाडीत आले. रशिया म्हणाला, शब्द मोडला. अमेरिका म्हणाली, ते बोलणं जर्मनीपुरतं होतं, आणि करारात तसं कलमच नाही.

"थोडक्यात, जे लिहून घेतलं नाही ते नाही," असं म्हणून मी फळा पुसायला वळलो.

"सर, न्हाई पटलं," मागून तिचा आवाज आला.

मग उभं राहून तिनं घरचंच सांगितलं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात तिची आई आणि चुलती शेजारी राहायच्या. चुलतीनं शब्द दिला होता, माझं छप्पर तुझ्या अंगणात येणार न्हाई. वर्षभरात तिनं तिथं न्हाणी बांधली. आई म्हणाली, शब्द मोडलास. चुलती म्हणाली, मी छपराचं बोलले, न्हाणीचं कुठं बोलले?

वर्ग हसला, मीही हसलो. "मग खरं कोणाचं?"

"दोघीचं बी खरंच हाय सर. पण जागा आईची गेली."

पुढच्या महिन्यात मी तिला वक्तृत्व स्पर्धेसाठी नांदेडला नेलं. याच विषयावर ती सुरेख बोलली. घरचं मात्र तिनं स्वतःहून वगळलं. परीक्षकांनी विचारलं, "तुमची नेमकी बाजू कोणती?"

ती म्हणाली, "अजून ठरायचीय."

बक्षीस मिळालं नाही. परतताना एसटीत मी चिडून खिडकीबाहेर बघत होतो. ती शेंगा सोलत म्हणाली, "ठरली असती तर सांगितलं नसतं का सर?" आणि अर्ध्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

आता ती बिलोलीला राज्यशास्त्रच शिकवते. त्या आघाडीची बातमी आली की तिचा फोन येतो. हल्ली ती कलमावर बोट ठेवते, आणि ऐकणाऱ्यानं काय ऐकलं तेही बघावं, असं मी म्हणतो. मागच्या खेपेला वाद चांगलाच रंगला होता, तेवढ्यात ती म्हणाली, "सर, दूध उतू चाललंय, ठेवते."