बोर्डीवरून फेरा

तलासरीच्या अलीकडे हायवेला एक चहाची टपरी आहे. सुरतहून माल घेऊन परतताना आम्ही तिथे थांबतो. ठाण्यात माझं अस्तर, फॉल, ब्लाउजपीसचं दुकान आहे. नवऱ्याच्या पगारातला एक रुपया न घेता उभं केलेलं, हे मी ओळख करून देतानाच सांगते. नंतर सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. सुरतेचे व्यापारी मला बघितल्यावर आधी पाणी मागवतात आणि मग भाव सांगतात.

त्या दिवशी चहा पिताना नवरा म्हणाला, "ही शेवटची खेप."

ते मलाही ठाऊक होतं. मुलगी वापीला होती म्हणून आम्ही सुरतेला गाडीनं जायचो. जाताना तिच्याकडे मुक्काम आणि येताना जेवण. आता जावयाची बदली बंगळूरला झाली होती. माल तर हल्ली मोबाइलवर कापड बघून ट्रान्सपोर्टनंही येतो. या रस्त्यावर आमचं काही काम उरलं नव्हतं.

"मग बोर्डीवरून जाऊ," तो म्हणाला. "समुद्र बघू. तिथून किनाऱ्यानं घोलवड, डहाणू, आणि चारोटीला परत हायवेला."

समुद्र म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला समुद्राचं प्रेम कधी आलेलं मी पाहिलं नाही. त्याला डहाणू म्हणायचं होतं. डहाणूला माझं माहेर. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांनी बांधलेलं तीन खोल्यांचं घर आहे. त्यात माझा मोठा भाऊ आणि वहिनी राहतात. आईच्या वर्षश्राद्धानंतर मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

का, ते सांगते. माझी बाजू ऐकल्याशिवाय लोक मला तापट म्हणतात.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मागच्या अंगणात कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळा येईना. अशा वेळी गेलेल्या माणसाचं काय मनात राहिलं असेल ते ओळखून कबूल करायचं असतं. दादा म्हणाला, घराची काळजी करू नकोस. दादाच्या मुलानं शिक्षण पुरं करीन म्हणून सांगितलं. कावळे समोरच्या आंब्यावर बसलेले, हलायला तयार नाहीत. मग मी पुढे झाले. आईच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. म्हटलं, मी येत राहीन गं, दिवाळीला नक्की येईन. काही नाही. म्हटलं, बरं, मे महिन्यातही येईन. एक कावळा भिंतीवर आला आणि तिथेच मान वाकडी करून बसला. शेवटी म्हटलं, गणपतीलाही येते, पण याच्या वर नाही, मला दुकान आहे. तो खाली उतरला आणि पानावरचा भात उचलून गेला.

आणि मग जेवणाच्या पंगतीत, साऱ्या नातेवाइकांसमोर, वाढता वाढता वहिनी म्हणाली, "वन्सं कावळ्याशीसुद्धा भाव करतात." पंगत हसली. दादाही हसला.

मी हसले नाही. आईशी बोलत होते मी. ते काय सुरतेचं मार्केट होतं?

तेवढंही मी गिळलं असतं. पण त्या दिवशी निघताना वहिनीनं माझी ओटी भरली नाही. श्राद्धाच्या दिवशी ओटी भरत नाहीत, हे मला कळतं. पण आई नसलेल्या घरातून पहिल्यांदाच निघणाऱ्या नणंदेला "आज राहा, उद्या ओटी भरून पाठवते" एवढं म्हणायला काय लागत होतं? आमच्या घरची रीत होती, लेकीच्या ओटीत सोललेला नारळ नाही, दारच्या झाडाचा असोला नारळ, सालासकट. आई तो घालायची आणि मी कटकट करायची, केवढं हे ओझं. त्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत राहिली. मी पिशवी उचलली, मागच्या दारानं निघाले, नाक्यावरून शेअर जीप धरून चारोटीला आले आणि तिथून एसटी. रात्री दादाचा फोन आला होता, तो मी घेतला नाही. त्यानं दुसऱ्यांदा केला नाही.

तेव्हापासून प्रत्येक खेपेला तलासरी आली की नवरा वेग कमी करायचा आणि मी म्हणायची, पुढच्या वेळी. आता पुढची वेळ नव्हती.

मी हिशेब मांडला. ऊन आहे, माल गाडीत आहे, पेट्रोल जळेल, दीड-दोन तास जातील आणि मिळणार काय? त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, फक्त बोर्डीपर्यंत. मी म्हटलं, बोर्डीला उतरायचं नाही, गाडीतूनच बघायचं. तो कबूल. डहाणूत बाजारातून जायचं नाही. कबूल. खाडीच्या रस्त्याला गाडी न्यायची नाही. त्यावर तो म्हणाला, "नेली तरी थांबवणार नाही."

आयुष्यभर भाव करणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. समोरचा सगळं कबूल करतो तेव्हा त्यानं आपला भाव आधीच ठरवलेला असतो.

बोर्डीला सुरूच्या झाडांमागे ओहोटी लागलेली होती, पाणी पार लांब गेलेलं. नवऱ्यानं समुद्राकडे एकदा बघितलं आणि गाडी पुढे काढली. झालं त्याचं समुद्रदर्शन.

घोलवडच्या पुढे चिकूच्या वाड्या लागल्या. रस्त्याच्या कडेला एक बाई टोपली घेऊन बसली होती. मी गाडी थांबवायला सांगितली. चिकू स्वस्त असतात इथे, घरी न्यायला बरे. तिनं भाव सांगितला, मी निम्मा केला. ती म्हणाली, बेन, एटलामां तो टोपली पण नी आवे, एवढ्यात टोपलीसुद्धा येत नाही. मी म्हटलं, टोपली कोण मागतंय, चिकू दे. खूप घासाघीस झाल्यावर आम्ही दोघी समाधानानं थांबलो. मग मी निवडायला बसले. थोडे अगदी मऊ, आजच्या आज खायचे. बाकीचे कडक, दोन दिवसांनी पिकणारे.

नवरा गाडीला टेकून बघत होता. "आपल्या घरी कडक कोण खातं?" त्यानं विचारलं.

दादाला चिकू मऊ लागतो, चमच्यानं खाण्याइतका. वहिनीला कडक, थोडा चीक जिभेला लागणारा. हे नवऱ्याला माहीत होतं. मी दोन वेगळ्या पिशव्या मागितल्या, तेव्हा त्या बाईनंही विचारलं, कोणाकडे चाललात? मी म्हटलं, कोणाकडे नाही. ती हसली आणि वर दोन चिकू घातले, न मागता.

डहाणूत शिरल्यावर मी काच वर केली. बाजारातून जायचं नाही ठरलं होतं, नवरा बाजारातूनच गेला. खाडीच्या वळणावर त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धाकट्या डहाणूकडून सुकत्या बोंबलांचा वास आला. त्या वासासरशी मी काच परत खाली केली. भूक लागली असावी, वापीला कमीच जेवले होते.

गाडी थांबली.

"थांबवणार नव्हतात," मी म्हटलं.

"इंजिन तापलंय," तो म्हणाला.

वहिनी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. तिनं आधी गाडी बघितली, मग मला. सूप बाजूला ठेवलं.

"वाट चुकलात, वन्सं?"

"ह्यांना समुद्र बघायचा होता," मी म्हटलं.

"तो मागे राहिला." ती उठून आत गेली आणि पाणी घेऊन आली. मी म्हटलं, मला नको, ह्यांना द्या. तिनं दोन पेले आणले होते. एक माझ्यासमोर ठेवला. दादा आत झोपला होता. आवाजानं बनियनवरच बाहेर आला आणि मला बघून परत आत गेला. मला वाटलं, झालं. पण तो शर्ट घालून आला. माझ्यासाठी कोणी शर्ट घालून येईल असं ते घर नव्हतं कधी. त्याचंच मला जास्त लागलं.

नवरा आणि दादा रेल्वेच्या पेन्शनबद्दल बोलायला लागले. दादा डहाणू रोडला स्टेशनवरच नोकरीत होता, तिथूनच निवृत्त झाला. मी चिकूच्या पिशव्या पुढे सरकवल्या. वहिनीनं एकीत हात घातला, कडक चिकू दाबून बघितला आणि ती पिशवी आपल्याजवळ ओढली. दुसरी दादाकडे सरकवली.

मग मी उठून मागच्या अंगणात गेले. तोंड धुवायचं निमित्त होतं. मोरीच्या पाण्याच्या पन्हळीवर एक माड होता. माझ्या वेळी तिथे नव्हता. माझ्या डोक्याच्या वर गेलेला, झावळ्या भरदार, पण फळ अजून धरलं नव्हतं. वहिनी टॉवेल घेऊन मागे उभी होती.

"जागा चुकली," मी म्हटलं. "भिंतीला मुळं लागतील. कोणी लावला इथे?"

"मी लावला. तुमचा आहे तो."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि सांगितलं. अगदी कोरड्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं.

त्या दिवशी घरात श्राद्ध, घरात ओटी भरता येत नव्हती. मी आल्या आल्या सांगितलं होतं, संध्याकाळच्या गाडीनं जाणार, राहणार नाही, दुकान आहे. म्हणून तिनं ठरवलं की ओटी स्टेशनवर भरायची. उंबऱ्याबाहेर, फलाटावर. स्टेशनवरच नोकरी असलेल्या घराला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं; आमच्या घरातल्या प्रत्येकाला फलाटावरच निरोप दिलेला आहे. भांडी उरकून, असोला नारळ, तांदूळ, हळदकुंकू, ब्लाउजपीस पिशवीत घालून ती मला हाक मारायला बाहेर आली, तर मी नव्हते. तिला वाटलं, रागावून पुढे गेली, स्टेशनवर भेटेल. रिक्षा करून ती स्टेशनवर गेली. गाडी सुटेपर्यंत बायकांच्या डब्यासमोर उभी राहिली. नंतर पुढच्या गाडीलाही.

मी तेव्हा एसटीत होते.

"मग सांगायचं नाही?"

"ओटी भरायला नेलेली परत घरात आणली, हे कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही त्यालाही नावं ठेवली असती." ती माडाकडे बघत होती. "तांदूळ चिमण्यांना घातले. नारळ फोडायचा कसा, तुमचा होता. लावला."

"आणि कावळ्याचं बोललात ते?"

ती म्हणाली, "ते बोलले. वाढताना तोंडातून गेलं. पण वन्सं, खोटं नव्हतं."

मला राग आला. अजूनही येतो. पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि मीच तोंडावर टॉवेल धरून उभी होते, तोंड कधीच कोरडं झालेलं असताना.

ती आत गेली आणि कपाटातून तो ब्लाउजपीस घेऊन आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, घडी न मोडलेला. मी सवयीनं कापड बोटांत चोळलं. टू बाय टू, खरं रुबिया. रंग माझ्या आवडीचा, गर्द जांभळा. अजून विटलेला नव्हता. कापड चांगलं होतं, हे मी दुकानदार म्हणून सांगते. कितीला घेतलं होतं विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला सांगणार नाही, महाग घेतलं म्हणाल.

दिवेलागणीच्या आधी तिनं मला देवासमोर पाटावर बसवून ओटी भरली. दारच्या जुन्या झाडाचा असोला नारळ घातला. ओझं होतं. मी या वेळी काही बोलले नाही.

"नव्या माडाचा पहिला नारळ तुमचा," ती म्हणाली. "पार्सल करणार नाही. न्यायला यावं लागेल."

"फळ धरलं की फोन करा."

"उचलाल?"

दादा हसला. पंगतीत हसला होता तसाच. या वेळी मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि तो आणखी हसला.

चारोटीच्या रस्त्याला लागल्यावर नवऱ्यानं विचारलं नाही की फेरा पडला तो वसूल झाला का. विचारलं असतं तर मी भांडले असते. मांडीवर नारळ होता, त्याची सालं साडीला लागत होती. हायवेचे दिवे दिसायला लागले तेव्हा मी म्हटलं, "गणपतीत येताना चारोटीवरूनच आत वळा. बोर्डीवरून उगाच फेरा पडतो."

"बरं," तो म्हणाला.