चिठ्ठीवरचं बीड

समजा, तुम्हाला एका जुन्या तव्यासारखाच नवा तवा ओतायचा आहे. आधी सागवानात त्याचा आकार कोरायचा, तोही किंचित मोठा, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना शंभराला एक इतकं आकसतं. मग तो आकार वाळूत दाबून साचा घ्यायचा. हे आकसणं विसरलात, तर नवा तवा जुन्याहून लहान निघतो.

चाकणजवळच्या आमच्या फाउंड्रीत हे कोरीवकाम ज्योतीराम करतो. मूळचा करमाळ्याचा. बावीस वर्षं त्याने गाड्यांच्या सुट्या भागांचे असे लाकडी आकार, म्हणजे पॅटर्न, कोरले. मग कंपनीने पारंपरिक भांडी काढायचं ठरवलं. डिझाइनर सुखदा मॅडम वाकडच्या ऑफिसातून जुना तवा शोधत आल्या. ज्योतीरामने बायकोचा आणला. गोजाबाईला जाऊन आठ महिने झाले होते. तिचं उलथनं फिरून फिरून तवा मध्ये खोलगट झाला होता. मॅडमना नेमका तोच खोलगटपणा आवडला.

"कुठला हो हा?"

"बिडाचा हाय."

मॅडमनी लिहून घेतलं.

"परत पायजे बरं का. लेकीला द्यायचाय. आईच्या तव्यावरच भाकरी करीन म्हणती."

"अहो दादा, पळवून नेतेय का मी?"

मॅडमनी शब्द पाळला. मापं झाली, पॅटर्न कोरून झाला आणि तवा परत आला. त्याला चिठ्ठी बांधली होती: 'बीड'. मॅडम प्रत्येक भांड्याला गावाचं नाव लावत. बीड हा त्यांच्या लेखी जिल्हा होता. आमच्याकडे बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि हाच शब्द भंगाराच्या ढिगावरच्या पाटीवर आहे. तवा परत आला त्या दिवशी ज्योतीरामची सुट्टी होती.

"चिठ्ठीवर बीड लिवलं व्हतं की राव," भट्टीवरचा प्रभाकर म्हणाला. "म्हणलं, बरंच झालं, वेगळं करायला नको. टाकलं भट्टीत." मग त्याने ज्योतीरामचं तोंड पाहिलं. "तुझा व्हता व्हय?"

त्या दिवशीच्या रसातून दोनशे दहा तवे निघाले, सगळे ज्योतीरामच्या पॅटर्नचे, सगळे मध्ये खोलगट. खोक्यांवर छापलं होतं, 'बीडचा वारसा'.

लॅबमधल्या योगिनीने त्याला समजावलं, रस सगळा एकजीव होतो, काका. हे त्याला तिच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. तरी जेवणाच्या सुट्टीत तो पॅकिंगमध्ये गेला आणि एकेक तवा बोटाने वाजवत राहिला. सगळे सारखेच वाजले. लेकीला त्याने अजून सांगितलेलं नाही.

"एकजीव तर एकजीव," तो म्हणतो. "पन मग पोरीला यातला कुठला आईचा म्हणून देऊ?"