मोटार वेशीबाहेर थांबायला लागली ती अशी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. ह्यांच्यापुढं नाही, लेकीपुढं नाही. नारायणगडाला दर्शनाला गेले तेव्हा देवापुढं सांगावं असं ठरवलं होतं. हात जोडले, डोळे मिटले — आणि लेकीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, एवढंच मागून परत आले. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

आधी एक सांगते. ही गोष्ट दुःखाची नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस तिच्यात आहेत. अडचण तीच आहे — मला ते दिवस अजून आठवतात आणि अजून हसू येतं.

आमचं घर धारूरच्या वेशीपासून थोडं लांब, मळ्यात. निजामाचं राज्य होतं. घाटाची सडक आमच्या बांधाला लागून खाली वेशीकडं उतरायची आणि वेशीतून थेट बाजारात शिरायची. आधी त्या सडकेवर बैलगाड्या, घोडी, मेंढरं. मग मोमिनाबादेची — अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे — मोटार सुरू झाली. माणसं, पोती, कोंबड्या, सगळं घेऊन ती रोज सकाळी यायची आणि बाजाराच्या अरुंद गल्लीतून भोंगा वाजवत अशी घुसायची की भाजीवाल्या बायका टोपल्या उचलून भिंतीला चिकटायच्या. पोरं आयांच्या पदरात शिरायची. मोटार सगळ्यांना हवी होती, आणि भीतीही सगळ्यांना वाटायची.

आणि त्याच वर्षी ह्यांनी हैदराबादेहून सायकल आणली.

पाटलाच्या घरची सून मी. बाहेर पडायचं तर गाडीला पडदा. पण हे स्वभावानं मोकळे. एकदा खळ्यावर कुणी नव्हतं, सायकल माझ्यापुढं धरून म्हणाले, "बसून तर बघ. पडलीस तर भुसा हाय खाली." मी पडले. पुन्हा बसले, पुन्हा पडले. भुसा केसांत, भुसा चोळीत, आणि आम्ही दोघं हसून हसून बेजार. महिनाभरात मला खळ्याला फेऱ्या मारता यायला लागल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट कसला की काही अडत नाही. हे फक्त ह्यांना आणि मला ठाऊक. सासूबाईंना आपला लेक खळ्यावर इतका वेळ काय करतो याचं कोडं पडलं होतं.

मग खळं पुरेना. हे परगावी गेले की मी उन्हं यायच्या आधी सायकल काढायची, बांधावरून सडकेवर यायची, आणि वेशीच्या अलीकडच्या चिंचेपर्यंत उतारावर सायकल सोडून द्यायची. पायडल मारायला नको, काही नको. वारा कानात भरतो. पदर मागं उडतो. बाईच्या जातीला कोण असं सोडून देतं कधी? तुम्हाला सांगते, मला दोन लेकरं झाली, मळा पिकला, मानपान मिळाला — पण त्या उतारासारखं काही नाही.

आता मी जिथं येतेय तिथं यायचं नाही म्हणून हे सगळं लांबवतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

एका सकाळी मला निघायला उशीर झाला, चांगलं उजाडलं होतं. मी बांधावरून येत होते तेवढ्यात मोटार सडकेवरून खाली गेली. तिनं मला पाहिलं नाही, मी बाभळींच्या आड होते. ती गेल्यावर मी सडकेवर आले. समोर नुसता धुरळा. शहाण्या माणसानं थांबावं की नाही? मी थांबले नाही. उलट वाटलं, बरंच झालं, आता मला कुणी बघत नाही. आणि दिली सायकल उतारावर सोडून. डोळ्यांत माती जात होती म्हणून मी डोळे मिटले — हो, मिटले — आणि हसत होते.

पारूबाई सडकेच्या कडेला उभी होती. धनगराची बाई, तिची मेंढरं आमच्या रानात बसायची. मोटारीला वाट द्यायला ती बाजूला झाली होती आणि लोण्याचं गाडगं पुन्हा डोक्यावर घेत होती. मी पाठीमागून तिच्यावर गेले.

गाडगं फुटलं त्याचा आवाज आला. मग ती कळवळून ओरडली. मी बाभळीच्या काट्यांत पडले होते, कपाळ फुटलं होतं. धुरळा अजून खाली बसला नव्हता. ती पालथी पडलेली, तोंड वेशीकडं. तिनं मला पाहिलं नव्हतं. वेशीकडून माणसं पळत येताना ऐकू आली.

मी सायकल उचलली आणि ओढ्यात उतरले. ओढ्याच्या कडेनं घरी आले. माझ्या ओळखीची बाई मोडक्या पायानं सडकेवर पडली होती आणि मी सायकलचं चाक वाकलंय का ते बघत चालले होते. वाकलं नव्हतं.

गावानं एकच म्हटलं — मोटारीनं उडवली. दुसरं काय म्हणणार? मोटार आत्ताच गेलेली, बाई पडलेली. पारूबाईही तेच म्हणाली. मोटारीचा ड्रायव्हर कासमभाई बाजारात सगळ्यांना सांगत होता की माझ्या मोटारीचा तिला धक्कासुद्धा लागला नाही, मी आरशात तिला उभी बघितली. कोण ऐकतंय?

मी हळद-दूध घेऊन पारूबाईकडं गेले. हाड बसवणाऱ्यानं पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. मला बघून ती उठायला लागली. म्हणाली, "पाटलीणबाई, तुमी कावून आलात एवढ्या लांब?" मी काय सांगणार होते? तिचं डोकं चेपत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग आणखी बायका यायला लागल्या, आणि तिच्या वाड्यावर, शेळ्या-मेंढ्यांच्या गर्दीत, आमची सभाच भरायला लागली. एकीनं सांगितलं, माझं पोर भोंग्याला दचकून विहिरीच्या कडेला गेलतं. दुसरी म्हणाली, मोटारीत बसायचं म्हटलं तर बाप्यांच्या मांडीला मांडी, त्यापेक्षा पायी बरं. सगळ्याजणी बोलायला लागल्या. मी असं कधी पाहिलं नव्हतं. आणि बोलता बोलता ठरलं — मोटार गावात येऊ द्यायची नाही. वेशीबाहेर थांबावी. तिथं सावली असावी, बसायला ओटा असावा, आणि पुढची जागा बायकांची.

हे ठरवलं कुणी म्हणाल, तर माझ्या सासूबाईंनी. ज्या उंबऱ्याबाहेर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या, त्या एक दिवस माझ्यासंगं तिथं आल्या आणि म्हणाल्या, "अर्ज देऊन काय व्हतं? अर्ज कचेरीत झोपत्यात. आडवं व्हायला पायजे."

आणि झाल्या की आडव्या. पारूबाईच्या दिरानं वेशीसमोर सडकेवर मेंढरं सोडली. सगळा कळप. मागं आम्ही बायका, डोक्यावर पदर, सगळ्यांत पुढं सासूबाई, हातात काठी. मोटार आली, थांबली. कासमभाईनं भोंगा वाजवला. मेंढरांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा सडकेवर सांडलेलं भुसकट हुंगायला लागली. आतली माणसं उतरली, कुणी चिडलं, कुणी हसायला लागलं. एक कोकरू मोटारीच्या पायरीवर चढलं. कासमभाई खाली उतरला, त्यानं ते कोकरू उचललं, सासूबाईंपुढं आला आणि म्हणाला, "माँजी, म्या बाईवर मोटार घातली न्हाई, तर मेंढरावर कशी घालीन? तुमचं म्हणणं खरं हाय. गल्लीत मलाबी लई भ्या वाटतंय. पर मालक ऐकत न्हाई."

तो आमच्याच बाजूनं होता. हे मी तेव्हाच ऐकलं होतं, हे तुम्ही लक्षात ठेवा.

रोज मेंढरं. रोज बायका. बाजार खूश, कारण मोटारीतली माणसं वेशीतच उतरून पायी आत यायची आणि वाटेतल्या सगळ्या दुकानांवर थांबायची. चहाची एक टपरी आपोआप उभी राहिली. पारूबाईला बाजेवर घालून आणलं, ती बाजेवरून मेंढरांना नावं घेऊन हाका मारायची. घरी आले की माझा गळा बसलेला असायचा आणि मी जेवताना हसत असायची. हे म्हणायचे, तुला काय झालंय तरी काय?

शेवटी तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले. चावडीपुढं माणसं, आम्ही बायका पडद्यामागं. मोटारीचा मालक म्हणाला, गल्लीतून मोटार कायम जाते, कुणाला इजा झालेली नाही, ही बाई आपली आपण पडली. तहसीलदारांनी विचारलं, मोटारीचा धक्का लागताना पाहिलेला कुणी गवाह आहे का?

कुणी नव्हतं. पारूबाई पाठीमागचं काय पाहणार? मला दिसत होतं, की कुणीच पुढं आलं नाही तर आमचा ओटा गेला, सावली गेली, उद्या मोटार पुन्हा गल्लीत. एवढ्या दिवसांचं हसणं गेलं. आणि खरं सांगू? मी फक्त ओट्याचा विचार करत नव्हते. प्रश्न विचारायला लागले की ते कुठवर जातील, याची मला धास्ती होती. कपाळावरची खपली अजून पदराखाली होती, घरी काटा लागला म्हणून सांगितलं होतं.

मी पडद्यामागून म्हणाले, "मी पाहिलं."

पाटलीणबाई बोलली. कोण शंका घेणार? तहसीलदारांनी विचारलं, काय पाहिलं? मी बांधावर होते, म्हटलं, मोटार हिच्यावर गेली. आवाज कापला नाही. कासमभाई पडद्याकडं बघत राहिला. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, मला त्याचा दिसत होता. तो रागावला नव्हता. गोंधळला होता.

हेच ते. एवढंच सांगायचं होतं, आणि ते सांगायला इतकी वर्षं लागली.

हुकूम आमच्या मनासारखा झाला. मोटार वेशीबाहेर. ओटा बांधला, वर पत्रे घातले, बाजूला कडूलिंब लावला. पुढची जागा बायकांची. कासमभाईला मालकानं काढलं, तो बायकोपोरं घेऊन धारूर सोडून गेला. ज्या दिवशी थांबा सुरू झाला, त्या दिवशी पारूबाई पहिली मोटारीत बसली. पाय जुळला होता पण थोडा आत वळलेला राहिला, तो कायमचा. ती पुढच्या जागेवर बसली, बाहेर बघून म्हणाली, "आता मोमिनाबादेला जाऊन येते," जसं काही मावशीकडंच निघालीय. सासूबाई तिच्या शेजारी चढल्या. मोटार घाटाला लागेपर्यंत आम्ही बायका ओरडत होतो. बायकांनी माझ्या गळ्यात हार घातला. मी घालून घेतला.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा सायकलवर बसले. आता डोळे उघडे ठेवून, हळू. उतार तसाच होता, तितकाच गोड.

पुढं पुष्कळ वर्षांनी मी लेकीकडं निघाले होते. परळीच्या बाजारातून स्टेशनला टांगा केला. टांगेवाल्यानं गाठोडं वर घेतलं, मला बघितलं आणि रामराम केला. कासमभाई. दाढी पांढरी झालेली. मला वाटलं, खाली उतरावं. उतरले नाही.

तोच बोलायला लागला. धारूरचा थांबा कसा आहे, लिंब वाढला का, सासूबाई कशा आहेत. त्या गेल्या म्हटल्यावर हळहळला. मग घोड्याचा लगाम सैल सोडून म्हणाला, "बाईसाब, मी लई दिवस म्हणत व्हतो, माझा धक्का लागला न्हाई. बायकोला बी म्हणायचो. मग वाटलं, तुमच्यासारखी बाई खोटं कशाला बोलंल? माझंच ध्यान नसंल. म्हणून पुन्हा मोटारीला हात लावला न्हाई. घोड्याला निदान डोळे असत्यात."

त्यानं हे हसत सांगितलं. मनात काही नव्हतं त्याच्या. मी स्वतः ती बाई पाडली, हे सांगायला तिथं कुणी आडवं नव्हतं. पडदा नव्हता, तहसीलदार नव्हता, हेही नव्हते. घोडा होता, तो होता, मी होते. एक वाक्य पुरलं असतं, आणि त्याला त्याचे स्वतःचे डोळे परत मिळाले असते.

मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

त्यानं मान हलवली, त्यालाही ते पटलं. स्टेशनवर त्यानं माझं गाठोडं डब्यापर्यंत आणून दिलं, खिडकीची जागा धरून दिली. गाडी सुटली. बाहेर ज्वारीची रानं हिरवीगार होती, वारा छान येत होता, आणि मला गाढ झोप लागली.